मान, खांदा आणि हाताला मुंग्या: मानेतली शीर दबल्यावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या मावशी, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले यंत्रमाग कामगार, युनिफॉर्म शिवणारे कारागीर, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी मुलं, या सगळ्यांची मानेची तक्रार जवळपास सारखीच असते. प्रश्नही तेच असतात, म्हणून ते एका जागी लिहून काढले. सगळं वाचायला वेळ नसेल तर तिसरा आणि पाचवा प्रश्न तेवढा जरूर वाचा.

१. शीर दबते म्हणजे मानेत नेमकं काय होतं?

मानेत सात मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना लहान छिद्रं असतात. मज्जारज्जूपासून निघालेल्या शिरा (इथे शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, नस) त्यांतून बाहेर पडतात आणि खांद्याकडे, हाताकडे जातात. मानेत अशा शिरांच्या आठ जोड्या आहेत. तिशी-चाळिशीत बहुतेक वेळा मणक्यांमधली गादी फुगते किंवा तिच्यातला मऊ भाग मागे सरकून शिरेला लागतो. पन्नाशीनंतर गादी झिजून बसते, कडेनं हाड वाढतं आणि छिद्रच अरुंद होतं.

पण सगळं दुखणं दाबामुळेच होतं असं नाही. गादीतला मऊ भाग लागला की शिरेच्या मुळाशी सूज येते, आणि सुजलेली शीर थोड्याशा दाबानेही ठणकते. ही सूज उतरली की माणसाला बरं वाटू लागतं, मग एमआरआयमध्ये गादी तशीच दिसत असली तरी. शिवाय सरकलेला मऊ भाग बऱ्याच जणांमध्ये काही महिन्यांत शरीर स्वतःच शोषून घेतं.

२. नुसती मान अवघडली आहे की शीर दबली आहे, हे कसं ओळखायचं?

मान अवघडली असेल तर दुखणं मानेत राहतं, फार तर खांद्याच्या फऱ्यापर्यंत (पाठीवरच्या चपट्या हाडापर्यंत) जातं, आणि चार-आठ दिवसांत सुटतं. शीर दबली की दुखणं हातात उतरतं. कळ, जळजळ, करंट लागल्यासारखी चमक, मुंग्या, बधिरपणा, यातलं काहीतरी एका ठरावीक पट्ट्यात होतं. वर बघितलं किंवा दुखऱ्या बाजूला मान कलवली की ते वाढतं. दुखरा हात डोक्यावर ठेवला की अनेकांना हलकं वाटतं. दवाखान्याच्या बाकावर कुणी असं डोक्यावर हात ठेवून बसलेलं दिसलं की तपासण्याआधीच माझ्या मनात मानेच्या शिरेचा विचार येतो.

कुठल्या बोटाला मुंग्या येतात हे नीट लक्षात ठेवून सांगा. अंगठा आणि तर्जनी असेल तर बहुधा सहावी शीर असते, ती पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधून निघते. मधलं बोट असेल तर सातवी, आणि सगळ्यात जास्त वेळा हीच सापडते. करंगळी आणि अनामिका असेल तर आठवी. दुखणं खांद्याच्या टोकावर आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला थांबत असेल तर पाचवी. प्रत्येकात थोडा फरक असतो, पण "सगळा हात दुखतो" एवढंच सांगण्यापेक्षा बोट दाखवलंत तर तपासणाऱ्याचं निम्मं काम होतं.

मुंग्या दरवेळी मानेतूनच येतात असंही नाही. रात्री झोपेत अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल आणि हात झटकला की बरं वाटत असेल, तर शीर बहुधा मनगटात दबलेली असते. विडी वळणाऱ्या आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांमध्ये हे खूप दिसतं. खांदा स्वतःहून वर जात नाही आणि दुसऱ्याने उचलला तरी जात नाही, असं असेल तर तो आखडलेला खांदा, म्हणजे फ्रोझन शोल्डर. या दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. मानेवर महिनाभर शेक घेऊन ते बरे होणार नाहीत.

३. दुखणं सहन होतंय, पण भाकरी थापताना हात ढिला पडतो. थोडे दिवस थांबून बघू का?

नाही, थांबू नका. या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. लोक दुखण्याला घाबरतात आणि ताकद गेली तर "अशक्तपणा असेल" म्हणून सोडून देतात. खरं तर खूप दुखतंय पण ताकद पूर्ण आहे, असा रुग्ण बहुतेक वेळा औषध-व्यायामाने बरा होतो. दुखणं कमी झालंय पण हात ढिला पडत चाललाय, अशा रुग्णाची काळजी जास्त करावी लागते. शिरेचं काम बंद पडायला लागलं की कधीकधी दुखणंही कमी होतं. मग माणूस बरं वाटतंय म्हणून घरी बसून राहतो.

घरी रोज एकदा दोन्ही हातांची तुलना करा. दोन्ही हात बाजूने खांद्याएवढे उचला आणि घरातल्या कुणाला तरी ते खाली दाबायला सांगा. कोपर वाकवून धरा आणि त्यांना ते सरळ करू द्या. मग उलट, भिंतीला दोन्ही तळहात लावून अंग ढकला, एक कोपर आधी दुमडतं का बघा. शेवटी दोन्ही हातांनी त्यांची दोन-दोन बोटं घट्ट आवळा. एका बाजूला स्पष्ट कमी ताकद लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. ताकद दिवसागणिक कमी होत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

कामातूनही हे कळतं. शटरचं कुलूप उघडताना किल्ली फिरत नाही, कढई एका हाताने उचलत नाही, ब्लाऊजचे हूक लागत नाहीत, कात्रीने पान कापताना अंगठा दमतो. मागावर तुटलेली सुताची तार जोडायला पूर्वी क्षणभर लागायचं, आता दोन-तीनदा सुटते, असं एका कामगाराने सांगितलं होतं. त्याच्या तक्रारीत दुखणं कुठेच नव्हतं, ताकद मात्र कमी भरली.

४. डावा हात दुखतो. हार्टचं तर नसेल?

असू शकतं. छातीत दडपण, घाम, धाप, मळमळ, जबड्याकडे जाणारी कळ, चालल्यावर किंवा जिना चढल्यावर वाढणारं दुखणं, यातलं काहीही असेल तर मानेचा विचार बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा किंवा थेट इमर्जन्सी गाठा, ईसीजी काढा. मधुमेह असलेल्यांमध्ये हार्टचा त्रास छातीत न दुखताही येतो.

५. तातडीने दवाखान्यात कधी जायचं?

शीर दबणं वेगळं आणि मज्जारज्जू दबणं वेगळं. मज्जारज्जू दबला तर त्रास एका हातापुरता राहत नाही. चालताना पाय ताठर होतात, तोल जातो, अंधारात आपण पडू असं वाटतं. दोन्ही हातांची बोटं बोजड होतात, सही बदलते, शर्टाची बटणं लागत नाहीत, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटतो. मान खाली वाकवली की पाठीतून पायापर्यंत करंट जातो. असं काही दिसलं तर मालिश, मानेला वजन लावणं (ट्रॅक्शन), व्यायाम, सगळं थांबवा आणि न्यूरोसर्जन किंवा मणक्याच्या सर्जनला दाखवा. तिथे उशीर झाला तर गेलेली ताकद शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण परत येईल याची खात्री नसते.

अपघातानंतर किंवा पडल्यावर मान दुखत असेल, बरेच दिवस बारीक ताप आणि वजन कमी होत असेल, रात्री झोपेतही दुखणं थांबत नसेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, तरीही वाट बघू नका. मणक्याचा टीबी आपल्याकडे आजही आढळतो. वेळेत कळला तर तो औषधांनी बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात.

६. रिपोर्टमध्ये "मणक्यात गॅप" सांगितलाय. आता आयुष्यभराचं झालं का?

हा प्रश्न विचारताना लोकांचा चेहरा पडलेला असतो. एवढी भीती बाळगण्याचं कारण नाही. ज्याला लोक गॅप म्हणतात तो बहुतेक वेळा गादीची झीज असते आणि ती वयाप्रमाणे सगळ्यांनाच होते. मान अजिबात दुखत नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय जपानमध्ये काढले गेले आणि २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांची गादी फुगलेली निघाली, आणि त्यात विशीतले तरुणही होते.

म्हणून रिपोर्टमधली ओळ आणि तुमचं बोट जुळलं पाहिजे. मुंग्या करंगळीला आणि रिपोर्टमध्ये दाब पाचव्या-सहाव्या मणक्यात, तर तो दाब तुमच्या त्रासाचं कारण नसण्याची शक्यता मोठी आहे. मला रिपोर्टची फाईल दाखवण्याआधी हात दाखवा, असं मी रुग्णांना म्हणते ते यासाठीच.

७. एमआरआय लगेच काढायचा का?

ताकद पूर्ण असेल आणि पाचव्या प्रश्नातलं काही नसेल तर पहिल्या दिवशी गरज नाही. साधारण सहा आठवडे नीट उपचार करूनही फरक पडला नाही, ताकद कमी झाली, किंवा इंजेक्शन-शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाला, तर काढावा. साध्या एक्स-रेत हाडं दिसतात, शीर दिसत नाही. मान की मनगट असा घोळ असेल तर नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही आणि ईएमजी, उपयोगी पडते. मात्र ती अगदी पहिल्या आठवड्यात केली तर बिघाड असूनही सापडत नाही. तीन आठवडे जाऊ द्यावे लागतात.

८. बरं व्हायला किती दिवस लागतात?

पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातात. झोप लागत नाही, माणूस वैतागतो. सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांचं हातातलं दुखणं बरंच कमी होतं. बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो, कधीकधी बोटाच्या टोकाला महिनोन्महिने राहतो, आणि ताकद पूर्ण असेल तर त्याला घाबरू नये.

अमेरिकेत रोचेस्टर इथे १९७६ ते १९९० या काळातल्या ५६१ रुग्णांचा पाठपुरावा केला होता. शेवटच्या तपासणीत ९० टक्के रुग्णांना काहीच त्रास नव्हता किंवा अगदी किरकोळ होता. शस्त्रक्रिया साधारण चौघांपैकी एकाला लागली होती. सर्वांत जास्त रुग्ण ५० ते ५४ वयाचे होते. आणि त्रास सुरू होण्याआधी जड काम केलं किंवा मार लागला, असं सांगणारे फक्त १५ टक्क्यांच्या आसपास होते. "मी असं काय उचललं?" म्हणून स्वतःला दोष देत बसू नका.

९. पहिल्या आठवड्यात घरी काय करायचं?

अंथरुण धरू नका, पण वर बघायची कामं बंद करा. माळ्यावरचे डबे काढणं, पंखा पुसणं, जाळ्या काढणं, ही सगळी दुसऱ्याकडे द्या. मान मागे गेली की शिरेचं छिद्र अजून अरुंद होतं.

रात्री पाठीवर किंवा चांगल्या बाजूच्या कुशीवर झोपा. पालथं झोपणं बंद. सोलापुरी टॉवेल प्रत्येक घरात असतो. तो लांबीतून घडी घालून मनगटाएवढी गुंडाळी करा आणि उशीच्या अभ्र्यात खालच्या कडेला सरकवा, म्हणजे मानेखालची पोकळी भरते. दोन-दोन उशा घेऊ नका. उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना जाड चादरीची उंच घडी डोक्याखाली घेतात, त्याने मान रात्रभर पुढे मुडपलेली राहते. दुखरा हात लोंबकळत ठेवू नका, बसताना मांडीवर उशी घेऊन त्यावर ठेवा. गरम पाण्याची पिशवी मानेला आणि फऱ्याला दहा-पंधरा मिनिटं लावा. बोटं बधिर असतील तर त्यांना गरम शेक देऊ नका, भाजलेलं कळत नाही.

१०. गोळ्या कोणत्या घ्यायच्या?

ते डॉक्टर ठरवतील, पण काही गोष्टी माहीत हव्यात. साध्या वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस चालतात. बीपी, किडनीचा त्रास, अल्सर असेल तर त्या धोक्याच्या ठरतात, म्हणून मेडिकलमधून स्वतःहून घेऊन महिना काढू नका. शिरेच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा नॉरट्रिप्टिलिनसारखी औषधं देतात. त्यांनी गुंगी येते, तेव्हा सुरुवातीचे दिवस गाडी चालवू नका, मागावर उभे राहू नका, आणि ती एकदम बंदही करू नका. बी-१२ च्या गोळ्या रक्तात ते कमी असेल तर उपयोगी आहेत, पण दाब त्यांनी हटत नाही.

नाव नसलेल्या पुड्या घेऊ नका. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या घटना देशात वारंवार घडल्या आहेत.

११. गळ्याचा पट्टा घालू का?

थोडे दिवस चालेल. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात, नव्याने त्रास सुरू झालेल्यांना पट्टा आणि विश्रांती किंवा फिजिओथेरपी दिली, तेव्हा पहिल्या सहा आठवड्यांत नुसती वाट बघणाऱ्यांपेक्षा त्यांना लवकर आराम पडला. सहा महिन्यांनी मात्र तिन्ही गट सारखेच होते. म्हणून पट्टा दोन-तीन आठवडे, तोही प्रवासात आणि कामाच्या वेळी घाला, मग सोडा. वर्षभर पट्टा घालून फिरणाऱ्यांच्या मानेचे स्नायू इतके कमजोर झालेले असतात की नंतर पट्टा काढायचीच भीती वाटते.

१२. कटिंगनंतर न्हावी मान मोडून देतो, त्याने बरं वाटतं. चालेल का?

अजिबात नाही, आणि याबाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही. मान झटक्याने फिरवली की मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते आणि पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित होतं, पण होतं ते तरुण माणसालाही होतं. मज्जारज्जूवर आधीच दाब असेल तर तो एक झटका हातापायांची ताकद घालवू शकतो. खांदे, पाठ, डोकं हलक्या हाताने चोळून घ्या. मानेला मात्र झटका नको, मग तो देणारा कितीही अनुभवी असो.

१३. कोणते व्यायाम करायचे?

एक नियम आधी पाठ करा. व्यायाम करताना हातातलं दुखणं बोटांकडून वर, मानेकडे सरकत असेल, तर मानेत थोडं वाढलं तरी चालेल, व्यायाम बरोबर आहे. दुखणं खांद्यातून खाली बोटांकडे उतरत असेल तर व्यायाम चुकीचा आहे, तिथेच थांबा.

सुरुवातीला दोनच पुरेत. भिंतीला पाठ टेकून बसा, नजर समोर, हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे घ्या, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. दुसरा, खांदे न उचलता दोन्ही फरे मागे एकमेकांजवळ आणा, तसेच पाच आकडे. हे जमलं की डोक्याला तळहात लावून न हलता दाब देण्याचे व्यायाम आणि शीर मोकळी करण्याचे हाताचे व्यायाम येतात, ते एकदा समोर बसून शिका. मोबाइलवर बघून मान गोल गोल फिरवू नका. रोज वीस मिनिटं चालणं मात्र पहिल्या आठवड्यापासून सुरू ठेवा.

वजन लावण्याने, म्हणजे ट्रॅक्शनने, काहींना बरं वाटतं, काहींना नाही. ते तपासून, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावं. दाराला दोरी बांधून घरी प्रयोग करू नका.

१४. विडीचं काम बंद करता येत नाही. मग काय करू?

काम सोडा असं सांगणं सोपं आहे, पण विड्यांच्या हिशेबावर घर चालतं हे मला माहीत आहे. म्हणून बसणं बदलू या. सूप मांडीवर असेल तर मान सतत खाली आणि खांदे पुढे राहतात. सुपाखाली पाट किंवा जाड उशी ठेवून ते पोटाच्या उंचीवर आणा. पाठ भिंतीला टेकवा, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी घ्या. विड्यांचा एक कट्टा (जुडी) बांधून झाला की उठा, चार पावलं चाला, फरे मागे आणा. पानं कापणं आणि विडी वळणं आलटून पालटून केलं तर एकाच स्नायूवर ताण येत नाही.

शिवणकाम करणाऱ्यांनी स्टूल थोडं उंच करून मशीनच्या जवळ बसावं आणि दिवा सुईवर आणावा. उजेड कमी असेल तर डोकं आपोआप पुढे जातं. चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर तपासून घ्या, मानेच्या कित्येक तक्रारींचं मूळ तिथे सापडतं. मागावर काम करणाऱ्यांनी तार जोडताना कमरेतून नव्हे, गुडघ्यातून वाकावं. सुताचा बीम एकट्याने उचलू नये.

तंबाखू आणि सिगारेटचा गादीशी संबंध आहे. धूम्रपान करणाऱ्यांची गादी लवकर झिजते आणि शस्त्रक्रियेनंतर हाड जुळायलाही उशीर लागतो.

१५. शुगर आहे. काही वेगळी काळजी?

हो. मधुमेहात हातापायांना मुंग्या मानेशिवायही येतात, बहुधा दोन्ही पायांपासून सुरुवात होते. मनगटात शीर दबणं आणि खांदा आखडणं, दोन्ही मधुमेहींमध्ये जास्त. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शननंतर काही दिवस शुगर चढते, तेव्हा शुगरचं आधी सांगा आणि त्या दिवसांत जास्त वेळा तपासा.

१६. इंजेक्शन आणि ऑपरेशनची वेळ कधी येते?

सहा ते बारा आठवडे सगळं करूनही हातातली कळ झोपू देत नसेल तर शिरेच्या मुळाशी स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं. ते सुई मशीनच्या पडद्यावर बघत देणाऱ्या तज्ज्ञाकडूनच घ्यावं. आराम बहुधा काही आठवडे-महिने टिकतो.

शस्त्रक्रिया ठरते ती कमी होत चाललेल्या ताकदीमुळे, मज्जारज्जूवरच्या दाबामुळे किंवा न हटणाऱ्या दुखण्यामुळे. बहुतेक वेळा मानेच्या पुढून छोटा छेद घेऊन गादी काढतात आणि दोन मणके जोडतात, काहींना कृत्रिम गादी बसवतात. गिळताना त्रास किंवा आवाज बसणं काही दिवस राहू शकतं. हातातलं दुखणं लवकर थांबतं, मानेतलं दुखणं जाईलच असं नाही, हे आधी समजून घ्या. ताकद चांगली असेल आणि केवळ दुखण्यासाठी शस्त्रक्रिया सुचवली असेल तर दुसऱ्या सर्जनचं मत घेण्यात संकोच करू नका.

१७. खर्च झेपत नाही. सोलापुरात कुठे दाखवू?

आपलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथल्या अस्थिरोग ओपीडीपासून सुरुवात करा. कारखान्यातून ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर ते कार्ड वापरा, कित्येकांना ते आपल्याकडे आहे हेही आठवत नाही. शस्त्रक्रिया सांगितली तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ती बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या.

१८. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलायचा आहे. जमेल का?

दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि त्यामागची भक्ती मी समजू शकते. पण उंच ध्वजाचा तोल सांभाळताना वर बघावं लागतं, आणि दबलेल्या शिरेला तीच हालचाल सगळ्यात नकोशी असते. किमान सहा आठवडे हातात कळ उतरलेली नाही, दोन्ही हातांची ताकद सारखी आहे, आणि वर छताकडे दहा आकडे बघितलं तरी बोटांना मुंग्या येत नाहीत, एवढं जमत असेल तर डॉक्टरांना विचारून सरावाला जा, तेही हळूहळू वाढवत. यातलं एक जरी जमत नसेल तर या वर्षी मिरवणुकीत चालत जा आणि पेलायचं पुढच्या वर्षावर ठेवा.